मांगूर: पडताळणी बाकी

टेंभरवाडी, म्हशाजवळ, ता. मुरबाड
१६ मे २०२५

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनात आज काही आशीर्वाद नाहीत. फोनवर तू रडतेस, तुझं रडणं ऐकून मी गप्प होतो आणि मला बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र. तुझ्या त्या माशांच्या राष्ट्रीय नोंदवहीला सगळं कागदावरच लागतं ना? मग घे कागद.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आपल्या तळ्यावर दोन जीपा आणि एक जेसीबी आला. मत्स्य खात्याच्या साहेबाच्या हातात छापील यादी होती. तिच्यावर बोट ठेवून त्याने माझं नाव वाचलं आणि म्हणाला, तुमच्या तळ्यात बंदी असलेला मांगूर आहे, नष्ट करायचा आदेश आहे.

मी म्हटलं, “सायेब, बंदी थाई मांगुरावर हाय. तो नदीत सुटला तर बाकीचा सगळा मासा खातो. त्याला बुडवा, जेसीबीचं डिझेल मी भरतो. हा आपला गावठी हाय. डोक्यामागं बोट फिरवून बघा. याच्या हाडाला एकच टोक लागंल, थाईला दोन असतात.”

त्याने बाहीसुद्धा वर केली नाही. “मांगूर म्हणजे मांगूर,” म्हणाला.

मग बांध फोडला. पाणी नाल्यात गेलं आणि मासे चिखलात राहिले. मांगूर चिखलातून सरपटत जातो हे तुला माहीत आहे. काही मासे खाचराकडे निघाले होते, त्यांच्यामागे माणसं काठ्या घेऊन धावली. तुझ्या मामीने दोन मासे कळशीत घालून पदराखाली घेतले, तर तिच्या हातातून कळशी ओढून घेतली. सगळे एका खड्ड्यात, वर चुना, वर माती. तीनशेच्या वर होते. तुझी बाईजामामी तेव्हापासून तळ्याकडे तोंड करून बसत नाही.

डोंगरावरच्या वाडीतल्या मंगळूने तिथल्या झऱ्यातले सात मासे हंड्यातून आणून दिले तेव्हा मी एसटीत कंडक्टर होतो. बावीस वर्षं झाली. आज मंगळू नाही आणि तो झराही आटला. त्या सातांचे मी तीनशे केले, बाहेरचा एक मासा त्यांच्यात मिसळू दिला नाही.

जानेवारीत तूच म्हणाली होतीस, मामा, शहापूरपासून मुरबाडपर्यंत मी विचारून दमले, असा शुद्ध गावठी मांगूर दुसऱ्या कोणाकडे उरलेला नाही. देशाच्या नोंदवहीत त्याला नंबर मिळेल, उद्या तळी करणाऱ्यांना थाईच्या ऐवजी याचं बी देता येईल. मी फुशारलो. माशांच्या परांचे तुकडे कापून होमिओपॅथीच्या बाटलीत स्पिरिट घालून एसटीच्या पार्सलने तुला पुण्याला पाठवले. त्या बाटलीचं काय केलंस? आणि त्या साहेबाला माझं तळं कोणी दाखवलं?

दोन्ही उत्तरं लेखी पाहिजेत.

ज्ञानेश्वर मामा


पुणे
२५ मे २०२५

प्रिय मामा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पथकातल्या एकालाही गावठी आणि थाई ओळखता येऊ नये? पहिल्या वर्षाला शिकवतात हे! मी आमच्या साहेबांसमोर इतकी भांडले की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

बाटलीचं विचारलंस. ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आहे. आमच्याकडे सहा राज्यांतले नमुने आलेत, मशीन एक आहे आणि ते चालवणारे दोघे. क्रमांक लागायला वेळ लागतो. मी काय करू? मी इथे कंत्राटावर आहे, मामा, माझं कोणी ऐकत नाही. तू मला ओरडतोस ते बरोबर असेलही, पण बांध मी फोडला नाही.

दुसरं म्हणजे, असली पथकं उगाच येत नाहीत. बहुतेक वेळा कोणीतरी तक्रार केलेली असते. गावात कोणाचं तुझ्याशी वाकडं आहे का, ते आठवून बघ.

पंचनाम्याची प्रत मिळाली तर पाठव. मामीला जप. आईला मी सापगावला फोन केला आहे, ती येऊन जाईल तुमच्याकडे.

तुझी
समीक्षा


टेंभरवाडी
४ जुलै २०२५

चि. समीक्षास आशीर्वाद.

आठवून बघ म्हणालीस, आठवलं. काळूराम. आपल्या खालच्या अंगाला ज्याचं शेत आहे तोच. दोन वर्षांमागे बांधावरून आमची बोलाचाली झाली होती. मी म्हणत होतो बांध हातभर माझ्या बाजूला सरकलाय, तो म्हणत होता बांध जिथल्या तिथे आहे. नंतर तो विषय निघाला नाही, पण माणूस मनात ठेवतो. आणि जेसीबी आला त्या सकाळी तो नेमका शहापूरच्या बाजारात गेलेला. रोज घरी असणारा माणूस त्याच दिवशी बाहेर कसा?

मारुतीच्या देवळासमोर सगळा गाव बसला होता तेव्हा मी त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, जे तोंडात आलं ते बोललो. त्याची बायको तिथे होती, सून होती. “दादा, मी नाय सांगितला कुनाला,” एवढंच तो दोनदा म्हणाला. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो असं मला वाटायचं. आता वाटतं, काही लोक कमीही बोलतात.

त्याच्याबरोबरची सावड मी तोडली. तीस वर्षं त्याच्या लावणीला आम्ही आणि आमच्या लावणीला ते, असं चाललं होतं. यंदा मी म्हशाहून मजूर आणले. आणि वरच्या खाचरातलं पाणी त्याच्या शेतात जातं ते बांधाचं तोंड मी चिखल लावून बंद केलं. पाऊस आठवडाभर दडी मारून बसलाय. त्याचं रोप पिवळं पडायला लागलंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? माझे तीनशे मासे तडफडले तेव्हा कोणाला वाईट वाटलं?

मामी माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते आणि आत जाते.

तू मात्र एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. साहेबाच्या हातात यादी होती, छापील. तक्रारीचा अर्ज म्हणशील तर तो हाताने लिहिलेला असतो. ती यादी कसली?

ज्ञानेश्वर मामा


पुणे
११ जुलै २०२५

मामा,

आधी बांधाचं तोंड उघड. काळूमामाचं पाणी सोड आणि मग पुढचं वाच. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतेय. तुझा फोन तीन दिवस लागत नाही आणि आई म्हणते तू शेतावरून हलतच नाहीस.

सोडलंस?

ती यादी माझी होती.

३१ मार्चच्या आत नोंदवहीचा कच्चा मसुदा पूर्ण करायचा होता. कोणाकडे कुठला स्थानिक मासा आहे, किती आहे, कुठे आहे. तुझं तळं मीच त्यात लिहिलं. माशाच्या रकान्यात ‘मांगूर’. त्याच्या पुढचा रकाना प्रकाराचा. तिथे गावठी की थाई ते लिहायचं, पण प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय लिहायचं नाही असा नियम. म्हणून मी लिहिलं, ‘पडताळणी बाकी’. पुढे तुझं नाव, गाव आणि तळ्याची जागा. एप्रिलमध्ये आमच्याकडून तो मसुदा सगळ्या जिल्ह्यांना माहितीसाठी गेला. मांगुराविरुद्ध मोहीम काढणाऱ्या कोणीतरी त्यातून मांगूर असलेली तळी वेगळी काढली असणार. पुढचा रकाना कोणी वाचला नाही. वाचला असता तरी त्यात काय होतं?

मासा जपायची यादी मी केली आणि तीच घेऊन ते मारायला आले.

तुझ्या पहिल्याच पत्रात ‘छापील यादी’ वाचलं. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुला तक्रारीचं पिल्लू सोडलं. कोणाचं नाव मनात नव्हतं, तुझा राग फक्त माझ्यावरून दुसरीकडे जावा एवढंच हवं होतं. तो काळूमामावर जाईल असं वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं. मी त्याच बांधावर खेळलेय.

परवा आईने फोनवर त्यांच्या रोपाचं सांगितलं, तेव्हापासून मी तुला फोन लावतेय.

मला काय वाटेल ते बोल. फक्त एक सांग. गेल्या बावीस वर्षांत तू कोणाला मासे दिलेस का? कोणालाही, कितीही. एक जोडी जरी कुठे जिवंत असली तरी पुढच्या पावसात तिची पिल्लं होऊ शकतात. नसली तर हा मासा आपल्या भागातून संपला.

समीक्षा


टेंभरवाडी
१५ जुलै २०२५

समीक्षा,

पत्र मिळालं. पाणी सोडलं. त्याचं निम्मं रोप गेलं.

तू सात वर्षांची असताना माझ्या तळ्यात हात घातलास आणि मांगुराने काटा मारला. रात्रभर रडत होतीस. बाईजाने हळद बांधली. उजव्या अंगठ्यावर अजून खूण असेल, बघ. तो मासा गावठी होता हे तुला तेव्हापासून माहीत आहे. आणि तू लिहिलंस, पडताळणी बाकी?

मी एकोणतीस वर्षं तिकिटं फाडली. समोर उभ्या माणसाला ‘पडताळणी बाकी’ म्हणून बसमधून ढकलला नाही कधी.

आता काही दिवस मला लिहू नकोस.

मामा


पुणे
२२ ऑगस्ट २०२५

मामा,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितेय. फाडून टाकायचं तर वाचून फाड.

झालेला सगळा प्रकार मी संस्थेला लेखी दिला, माझ्या नावाने आणि सहीने. साहेब म्हणाले, कशाला अंगावर ओढून घेतेस, यादी तर आपण नुसती माहितीसाठी पाठवली होती. मी म्हटलं, माहितीसाठीच जेसीबी आला ना? माझं कंत्राट पुढे वाढेल की नाही ते आता माहीत नाही. पण यादी सगळीकडून मागे घेतली आहे. पडताळणी न झालेल्या नोंदीचा पत्ता यापुढे बाहेर जाणार नाही, असं पत्र मी काढून घेतलं. भांडून घेतलं.

काळूमामाला वेगळं पत्र पाठवलं आहे, माफीचं.

आणि परवा तुझ्या बाटलीचा अहवाल आला. शुद्ध गावठी मांगूर, थाईचा अंशही नाही. सहा राज्यांतून आलेल्या नमुन्यांत सगळ्यांत निर्मळ तुझा. तो कागद हातात धरून मला इतकी चीड आली, मामा. चार महिने आधी आला असता तर!

माझा प्रश्न तसाच आहे. कोणाला मासे दिले होतेस का?

समीक्षा


टेंभरवाडी
१४ सप्टेंबर २०२५

समीक्षा,

फाडलं नाही.

दिले होते. विहिरींना दिले होते. नव्या विहिरीला पाणी लागलं की घरात पहिला हंडा भरायच्या आधी तिच्यात मासा सोडायचा, अशी आपल्याकडची रीत. किडे खातो, पाणी निवळ राहतं. त्यासाठी लोक माझ्याकडे मांगूर मागायला यायचे आणि मी मोजून पाच द्यायचो. विहिरीच्या माशाला कोणी पैसे घेत नाही. तुझ्या रकान्यात हे कुठे बसलं असतं देव जाणे.

अशा सहा विहिरी होत्या. गेल्या पंधरवड्यात पाच फिरलो. दोन बुजवल्यात. तीन विहिरींत पाणी शुद्ध करायला पंचायतीची टीसीएल पावडर पडते, तिच्यात मासा टिकत नाही. सहावी विहीर काळूरामची. चार वर्षांमागे तिला पाणी लागलं तेव्हा मीच हंडा घेऊन गेलो होतो. ती शेवटी ठेवली, कारण तिथे जायला मला तोंड नव्हतं.

काल गेलो. तो विहिरीच्या कठड्यावर बसून दोर वळत होता. मी म्हटलं, “काळू, चूक झाली. माझ्याच भाचीची यादी व्हती ती.”

तो वर न बघता म्हणाला, “मी नाय ते मला पयल्या दिसापासून ठाव व्हता. तुला ठाव व्हायला दोन म्हयने लागले, आनि हितवर यायला आनिक दोन.”

त्याने दोराचा पीळ आवळला. मग म्हणाला, “बस. बारा वाजू दे.”

बसलो. ऊन सरळ विहिरीत उतरलं तसं पाणी हललं. मांगूर हवा घ्यायला वर येतो. एक मिशाळ तोंड वर आलं, बुडालं. मग दुसरं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग तिसरं. काळूराम म्हणाला, “तीन हायेत. रोज मोजतो. दोन गेल्या साली मेले.”

पावडरचं विचारलं, तर सांगेना. त्याच्या बायकोने सांगितलं. दरवर्षी पंचायतीचा माणूस पावडर घेऊन येतो आणि काळूराम त्याला विहिरीजवळ येऊ देत नाही. दादाने दिलेला मासा आहे, म्हणतो. त्यापायी घरात चार वर्षं पाणी उकळून पितात. यंदा तो माणूस जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला होता. म्हणजे मी बांधाचं तोंड बंद केलं होतं तेव्हा. काळूरामने तेव्हाही त्याला परत पाठवलं.

हे ऐकून मला बसवेना. उठलो तर काळूराम म्हणाला, “मासा तुझाच हाय, घेऊन जा. पन मंग या विहिरीवर परत येऊ नको.”

मी मासे न घेता घरी आलो. आता तू सांग, मी कोणावर रागावू? तुझ्यावर रागावून झालं, साहेबावर झालं. उरलो मी.

नोंद करायची असेल तर जपणारा म्हणून माझं नाव टाकू नकोस. काळूरामचं टाक.

मामा


टेंभरवाडी
१९ नोव्हेंबर २०२५

समीक्षास आशीर्वाद.

मी काळूराम. सातवी शिकलोय, पत्राची सवय नाय, चुकलं तर समजून घे. तुझा फॉर्म आला. जपणारा म्हणून माझं नाव टाकलंयस आणि खाली सही मागितलीस. सही करत नाय. फॉर्म याच पाकिटात परत पाठवतोय.

मी गप ऱ्हायलो म्हणजे मला राग येत नाय असं समजू नको. देवळासमोर माझ्या सुनेनं ऐकलं. ती अजून त्या वाटेनं जात नाय. निम्मं शेत यंदा पडीक ऱ्हायलं. तुझं माफीचं पत्र चांगलं आहे, सूनबाईनं मला दोनदा वाचून दाखवलं. पण ते तू पुण्यात बसून लिहिलंस. यादी पण पुण्यात बसूनच लिहिली होतीस.

तुझा मामा कापणीला आला होता. मी बोलावला नव्हता. सकाळी बांधावर विळा घेऊन उभा. त्यानं एका कडेनं कापायला घेतलं, मी दुसऱ्या कडेनं. दोन दिवस मी त्याला चहा विचारला नाय. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं दिला, तेव्हा मी नको म्हटलं नाय. आता तळ्याचा फुटलेला बांध घालायला घेतलाय त्यानं. एकट्यानं होत नाय ते काम, वय झालंय. म्हणून मी जातो. बोलणं अजून कामापुरतं आहे.

मासे तीन हायेत. तुझा मामा वरून बघून सांगतो, दोन माद्या आणि एक नर. पावसाच्या आधी त्यांना तळ्यात सोडायचं ठरलंय.

नोंद नको असं मी म्हणत नाय. आमी दोघं गेलो की विहिरीत काय आहे ते कुणाला कळणार? सरकारात लिहिलेलं असलं तर कोणीतरी विचारायला येईल. पण मागच्या वेळी नाव लिहिलंत तेव्हा जेसीबी आला. आणि या फॉर्मवर माझ्या नावापुढं त्या रकान्यात परत तेच छापून आलंय, पडताळणी बाकी. ते वाचून माझं डोकं फिरलं.

म्हशाच्या जत्रेला जानेवारीत ये. आईला घेऊन ये. भाची गावात येते तेव्हा कोणी तिला बोल लावत नाय, तेवढी काळजी मी घेईन. विहिरीवर ये. मी टोपली सोडून एक मासा वर काढतो. तो तू हातात घे. डोक्यामागं बोट फिरव. काटा लागला तर लागू दे, हळद घरात हाय. मग माझ्यासमोर तो रकाना खोड आणि तुझ्या हातानं लिही की गावठी हाय. खाली आधी तुझी सही कर, मग मी करतो.

तोवर विहिरीचा पत्ता कुणाला देऊ नको.

तुझा
काळूमामा